पलंग खालून सडतो: कोकणच्या पावसात बेड टिकवायचा कसा

मागच्या श्रावणात गादी जरा उन्हाला टाकावी म्हणून उचलली (ऊन दोनच तास पडलं होतं, पण आमच्या रत्नागिरीत जुलै-ऑगस्टात दोन तास ऊन म्हणजे चैनच) आणि बघते तर खालच्या प्लायवर हिरवट-पांढरी बुरशी, दोन लांबट डाग, आम्ही दोघं जिथे झोपतो बरोब्बर तिथेच, मधला भाग मात्र स्वच्छ. वरून बेड चकाचक होता. रोज चादर झटकायचे, हेडबोर्डवरची धूळ पुसायचे, आणि खाली हे चाललेलं. तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच घुसले, दोन सुतारांना भंडावून सोडलं, स्वतः दोन-तीन चुका केल्या, आणि आता जे कळलंय ते लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पलंग खराब व्हायला छप्पर गळायला लागत नाही. लाकूड हवेतलं पाणी ओढून घेतं, पापड सादळतो ना, तसंच. हवा कोरडी झाली की सोडूनही देतं. ही देवाणघेवाण चालू राहिली तर काही बिघडत नाही, बिघडतं कधी तर ओढलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते तेव्हा. गादीखाली, भिंतीला टेकलेल्या मागच्या बाजूला, पायांच्या तळाला, बॉक्सच्या आत. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच टिकला की लाकूड सडवणारी बुरशी लागते. वरवरची बुरशी त्याच्या आधीच येते, हवेतली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली तर. आणि कोकणात पावसाचे चार महिने हा आकडा खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यात आपण रात्रभर घाम आणि श्वासातून पेलाभर तरी पाणी सोडतो, त्यातलं काही गादीत जातं, गादीतून खाली. माझे दोन डाग तिथूनच आले होते.

गावच्या घरी आजेसासूबाईंचा सागवानी पलंग अजून ठणठणीत आहे आणि माझा सात वर्षांचा बॉक्सबेड कुबट मारतो, यावरून घरात मला बरंच ऐकावं लागलंय. पण त्या पलंगाचे पाय हातभर उंच, खालून मांजर काय कुत्रं पण आरपार जाईल, वर कापसाची गादी जी दर चार दिवसांनी कोणीतरी उलटवायचं, घरात दिवसभर चूल पेटलेली, ऊब आणि धूर माळ्यापर्यंत फिरणारा, आणि कौलांमधून हवा येत-जात राहायची. आपण काय केलं, तर स्लॅबच्या खोलीत जमिनीला चिकटलेली लाकडी पेटी ठेवली, तिच्यात घरभराच्या गोधड्या कोंबल्या, वर आठ इंची फोम टाकला. असो.

तर पहिलं काम, फुकटचं: पलंग भिंतीपासून सरकवा. निदान चार इंच, बाहेरची भिंत असेल तर सहा. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत जास्त ओली होते, गावात तर त्या बाजूला झावळ्यांच्या झड्या बांधतात ते उगीच नाही. हेडबोर्ड शक्यतो त्या भिंतीला नकोच. आणि जांभ्याच्या चिऱ्यांचं घर असेल तर अजून जपून, चिरा पाणी पितो, आणि जमिनीची ओल जोत्यातून वर चढते, प्लास्टरवर खालच्या दोन-तीन फुटांत रंग फुगलेला किंवा पांढरी पूड सुटलेली दिसली तर ओळखायचं. भिंतीपासून अंतर ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे वाळवी दिसते. वाळवी बहुतेक वेळा भिंतीतून येते, मातीच्या बारीक नळ्या करत, आणि पलंग टेकलेला असेल तर सरळ हेडबोर्डात शिरते, तुम्हाला पत्ता लागेपर्यंत आतून पोकळ. मध्ये मोकळी जागा असली की ती नळी उघड्यावर येते. महिन्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च मारून मागे बघायचं, एवढंच.

मग पाय. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. लाकडाची बाजू पाणी हळू ओढते पण कापलेलं टोक, जिथे रेषांची तोंडं उघडी असतात, ते स्ट्रॉसारखं ओढतं. पलंगाच्या पायाचा तळ म्हणजे नेमकं हेच टोक. आणि आपण रोज काय करतो, तर लादी पुसताना ओला मॉप त्याच्यावर आपटतो. वर्षभर, रोज. शिवाय तळमजल्यावर पावसाळ्यात लादीला घाम फुटतो, जमीन थंड आणि हवा दमट म्हणून, तो पण पायच पितात. सुतार पॉलिश करताना पाय उलटे करून तळाला हात मारतो असं मी तरी अजून पाहिलं नाही. माझ्या सुताराला विचारलं मागची बाजू कोरी का ठेवली, तर म्हणाला, “वहिनी, पुढनं आरसा केलाय, मागनं कोण बघतंय?” पाऊस बघतो ना रे बाबा. एक बाजू पॉलिश आणि एक कोरी असली की कोरी बाजू जास्त पाणी ओढते, जास्त फुगते आणि फळी वाकडी होते. त्यामुळे नवीन पलंग करून घेत असाल तर आधीच सांगून ठेवा, सगळ्या बाजू, आतून, खालून, मागून, निदान सीलरचे (पॉलिशखालचं, लाकडाची छिद्रं बुजवणारं अस्तर) दोन हात. थोडे पैसे जास्त घेईल, द्या.

जुन्या पलंगाचं हे काम घरी होतं. एप्रिल-मेमध्ये, कडक उन्हाळ्यात, पलंग आडवा करा (दोन माणसं लागतात, एकट्याने पाठ मोडून घेऊ नका), पायांचे तळ सॅंडपेपरने घासा, आधी ८० नंबर मग १५०, धूळ झटका, दोन-तीन दिवस तसेच वाळू द्या. मग पातळ केलेल्या वार्निशचे तीन हात, पहिला हात बघता बघता गायब होईल, घाबरायचं नाही, म्हणजे तो आत गेला. वाळल्यावर तळाला दोन नळ्यांवाला इपॉक्सी पातळ फासला तर उत्तम, नसेल तर मेण वितळवून भरा, ते पण चालतं. शेवटी खाली नायलॉनचे बूच ठोका किंवा ग्रॅनाइटचे छोटे तुकडे ठेवा, मार्बलवाल्याकडे कचऱ्यात पडलेले असतात, मागितले तर देतो. रबरी टोप्या घालणार असाल तर एक लक्षात ठेवा, वाटीसारख्या खोल टोपीत पुसण्याचं पाणी साचतं आणि पाय चोवीस तास त्यात उभा. मी हे केलं होतं एक वर्ष. टोपी काढली तर आत काळा चिखल आणि लाकूड नखाने निघत होतं.

पॉलिश कुठलं हा प्रश्न नेहमी येतो. फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर, लाखेचं असतं, पण पाणी आणि दमट हवा त्याला फारशी मानवत नाही, पांढुरके डाग पडतात. मेलामाइन त्याहून बरं. पीयू (पॉलीयुरेथेन) सगळ्यात महाग आणि पाण्याला सगळ्यात चांगलं, समुद्राजवळ राहत असाल तर माझं मत पीयूच. जवसाचं तेल लावा असं खूप जण सांगतात, पण कच्चं जवस तेल दमट जागी नीट सुकत नाही आणि त्याच्यावरच बुरशी वाढते, आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप गरम होऊन पेटू शकतात, हे खरंच होतं, तेव्हा पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. गावाकडे काजूच्या टरफलाचं तेल वाशांना, होड्यांना लावतात आणि ते टिकतंही जबरदस्त, म्हणून एका उत्साही नातेवाइकाने मला पलंगाला लावायला सांगितलं होतं. बिलकूल नको. ते अंगाला लागलं तर कातडी भाजते, फोड येतात. वाशावर कोणी झोपत नाही, पलंगावर झोपतं. आणि कुठलंही पॉलिश असो, पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पॉलिश वाळताना पाणी आत अडकतं आणि वर ढगासारखं पांढरं येतं. मृगाच्या आत उरकायचं, नाहीतर सरळ दिवाळीनंतर.

आता बॉक्सबेड, कारण फ्लॅटमध्ये दहातल्या आठ जणांकडे हाच असतो. गादीखालच्या प्लायला भोकं पाडून घ्या. सुताराकडे ड्रिलला लावायची गोल करवत असते, दीड इंची भोकं, सहा बाय तीनच्या एका फळीला बारा-पंधरा, कडेपासून चार इंच सोडून, म्हणजे फळी कमजोर होत नाही. पण नुसती वर भोकं पाडून उपयोग नाही, हवेला आत यायला पण वाट पाहिजे, म्हणून बाजूच्या पॅनलला खाली, शक्यतो आतल्या बाजूला जी दिसत नाही तिथे, तीन-चार पाडा आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावा नाहीतर झुरळं बंगला बांधतील. भोकाच्या कापलेल्या कडांना वार्निश लावायला विसरू नका, प्लायची कड म्हणजे परत तेच उघडं तोंड. माझ्याकडे हे काम दीड तासात झालं आणि भुसा मात्र चार दिवस झाडत होते. फरक खरंच पडला, या वर्षी डाग नाहीत, कुबट वास थोडा आहे पण तो बहुतेक सासूबाईंच्या लोकरीच्या शालींचा आहे, त्यावर आमच्यात मतभेद आहेत.

बेडच्या आत काय भरता हेही महत्त्वाचं. जुलैत अर्धवट वाळलेली चादर “वाळली असेल” म्हणून आत टाकणं हा गुन्हा आहे, मीही करते. जे काही ठेवायचं ते मे महिन्यात कडक उन्हात तापवून, गार झाल्यावर, झिपच्या पिशव्यांत भरा. आठवड्यातून एकदा बेड उघडा ठेवून वर पंखा फुल, तासभर. डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, त्या किड्यांसाठी असतात. ओल शोषायला बाजारात ते डबे मिळतात ज्यात पांढरे खडे असतात आणि खाली पाणी साचतं, ते कॅल्शियम क्लोराइड, काम चांगलं करतात, पण साचलेलं पाणी लोखंडावर सांडलं तर वेगाने गंजवतं, हायड्रॉलिक बेडचे ते दांडे असतात ना, त्यांच्यापासून लांब ठेवा आणि सरळ उभे ठेवा. चुनकळी ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती पाणी पिताना तापते, कपड्यांमध्ये नकोच.

आणि प्लीज, गादीवरचं दुकानातलं प्लॅस्टिक काढा. “नवीन राहते” म्हणून वर्षानुवर्षं ठेवतात लोक. घाम वरून आत जातो आणि आतच मुरतो.

खिडक्यांबद्दल एक गैरसमज माझाही होता. पावसात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या की घर कोरडं राहील असं वाटतं, पण बाहेरचीच हवा ओली असेल तर आत कोरडं कुठून येणार. आर्द्रता पहाटे सगळ्यात जास्त असते, दुपारी बारा ते चार सगळ्यात कमी, तेव्हा पाऊस थांबलेला असेल तर तेवढा वेळ सगळं उघडा, गादी उभी करा, पंखा लावा, आणि संध्याकाळी बंद. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत येतं, मी घेतलं आणि पहिले आठ दिवस घरच्यांना दर तासाला आकडा सांगून वैताग दिला. बेडरूममध्ये साठच्या आसपास आलं की मी खूश. एसीचा ड्राय मोड यासाठी चांगला आहे. फक्त एसीने थंडगार केलेल्या खोलीची खिडकी एकदम उघडू नका, बाहेरची ओली हवा थंड वस्तूंवर दव धरते, लोखंडी पलंगावर तर हात फिरवला की ओला लागतो. डीह्युमिडिफायर घेणं परवडत असेल तर भारीच, पहिल्या दिवशी टाकीत साचलेलं पाणी बघून झोप उडते.

नवीन घेणार असाल तर लाकडाबद्दल थोडं. सागवान चांगलंच, पण सागवान म्हणून विकलेलं सगळं सारखं नसतं, आतला गाभा, जो तपकिरी असतो, तो वाळवीला आणि ओलीला पुरून उरतो, बाहेरचा फिकट भाग नाही. पलंगाच्या खालच्या फळ्या बघा, फिकट पट्टे तिथेच लपवलेले असतात. कोकणात फणसाचं लाकूड मिळालं तर जरूर घ्या, टिकतं आणि रंग वर्षागणिक छान गडद होत जातो. आंब्याचं स्वस्त असतं पण कीड लवकर लागते. प्लायवर आयएस ७१० छापलेलं असेल तर ते मरीन प्लाय, उकळत्या पाण्यात ७२ तास टिकण्याची त्याची परीक्षा असते, आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर (म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारं) त्याच्या खालोखाल. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा गोंदात दाबून केलेले) कोकणात नकोच हो. एकदा फुगलं की परत बसत नाही, स्क्रू पकडत नाही, संपलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरी सगळं फर्निचर चिखलात गेलं. पार्टिकल बोर्डचे दोन बेड पोह्यासारखे भिजून तिथेच बसले, फावड्याने उचलून टाकले, आणि एक जुना सागवानी दिवाण धुऊन, सावलीत महिनाभर विटांवर ठेवून, परत वापरात आला. सावलीत म्हणतेय ते मुद्दाम. ओलं लाकूड कडक उन्हात टाकलं की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच, आणि तडा जातो.

बुरशी आलीच असेल तर? पहिले मास्क, मग पलंग गॅलरीत किंवा पडवीत न्या, कारण घरात झटकलीत तर ती सगळीकडे उडते. मऊ ब्रशने झाडा, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, नंतर कोरड्याने, आणि पंख्याखाली दोन दिवस. पांढरं व्हिनेगर पण चालतं. ब्लीच लाकडावर नको, रंग उडतो आणि वर पाणीच जास्त पाजलं जातं. फ्रेंच पॉलिश असेल तर स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, लाख स्पिरिटमध्येच विरघळते, पुसता पुसता पॉलिशच फडक्यावर येईल. हे मी लॉकडाऊनमध्ये सॅनिटायझरने करून दाखवलेलं आहे, हेडबोर्डवर अजून तीन बोटांचे ठसे आहेत.

बारीक पिठासारखा भुसा पडत असेल आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसत असतील तर ती बुरशी नाही, लाकडाचा किडा. अळी आतून खात असते. एक-दोन भोकं असतील तर सिरिंजने बोरेक्स-बोरिकचं द्रावण सोडून वरून मेणाने बुजवतात (लहान मुलं असतील तर हे सामान वरच्या फडताळात), पण भुसा परत परत पडत राहिला किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, उगाच रॉकेल शिंपडू नका, वास महिनाभर जात नाही आणि पलंग पेटाऊ होतो तो वेगळाच. आणि हो, पॉलिशचा थर सगळीकडे असेल तर किडा अंडी घालायला लाकडाची उघडी छिद्रंच मिळत नाहीत, म्हणून परत तेच, मागची बाजू.

लोखंडी कॉटवाल्यांनी हसू नये. समुद्राची खारी हवा आहे, पावडर कोटिंगवर एक ओरखडा पडला की तिथून गंज आत पसरतो आणि वरून रंगाचा फुगा दिसतो फक्त. वेल्डिंगचे सांधे आणि पायाची उघडी पोकळ टोकं आधी बघा, पुसण्याचं पाणी त्या पाइपात चढतं. तारेच्या ब्रशने गंज पूर्ण काढा, चमकणारं लोखंड दिसेपर्यंत, लगेच त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारं लाल अस्तर), मग ऑइल पेंटचे दोन हात. गंजावरून रंग मारला तर पुढच्या पावसात परत तोच फुगा.

शेवटी नटबोल्ट. जुलैत पलंग कुरकुरायला लागला की हात शिवशिवतो, पाना घेऊन आवळावंसं वाटतं. आवळू नका. लाकूड तेव्हा आधीच फुगलेलं असतं, आवळलं की बोल्टखालचे लाकडाचे तंतू चिरडतात, आणि हिवाळ्यात लाकूड आकसल्यावर तोच सांधा खुळखुळा होतो. ड्रॉवर अडकतो म्हणून पावसात रंधा मारणं पण तसंच, मे महिन्यात तो आपोआप बाहेर घरंगळेल. पावसात घट्ट झालेल्या ड्रॉवरच्या कडेला मेणबत्ती घासा आणि दिवस काढा. ऑक्टोबरची उष्णता जाऊ द्या, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा आवळा, आणि तो पाना कोरड्या ड्रॉवरमध्ये ठेवा, बॉक्सबेडात नको, माझा तिथेच गंजला.